भिंतीकडची जागा

१

ह्युबर्ट डिमेलोने स्वतःच्या घरात पहिल्यांदा एसी बसवला आणि तोही गरम हवेसाठी, तेव्हा अख्खं वायरी गाव हसलं. हसणारच. मालवणच्या किनाऱ्यावर माणूस घामाने निथळतच जन्माला येतो. बारा वर्षं मस्कतला आणि परत आल्यावर सतरा वर्षं देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत या माणसाने लोकांच्या खोल्या थंड केल्या होत्या. घरी मात्र पंखा. बर्नादेतला एसीच्या हवेने सर्दी होते, हे कारण होतं आणि ते त्यानेही कधी मोडून काढलं नव्हतं.

पण गेल्या पावसाळ्यानंतर बर्नादेतचं पोटाचं ऑपरेशन झालं. मग गोव्याला जाऊन औषधाच्या बाटल्या चढवणं सुरू झालं. तीस वर्षं प्राथमिक शाळेत पोरांना बाराखडी घोटवून घेणारी दणकट बाई हिवाने कुडकुडायला लागली. स्वेटर झाले, दोन गोधड्या झाल्या, गरम पाण्याची पिशवी तर पायाशी कायमचीच. कुडकुडणाऱ्या माणसाला भूक लागत नाही. वजन एकोणचाळीसवर आलं. डॉक्टर म्हणाले, पुढचा डोस ईस्टरच्या आधी द्यायलाच हवा, पण बेचाळीस किलोच्या खाली देता येणार नाही.

म्हणजे तीन किलो. त्या दिवसापासून ह्युबर्टच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. बर्नाला ऊब मिळाली तर ती खाईल, खाल्लं तर वजन वाढेल, वाढलं तर औषध मिळेल. बाकी सगळं देवाच्या हाती असेल, पण ऊब त्याच्या हातातली होती. तो तर त्याचा धंदाच होता.

जानेवारीत त्याने गरम-थंड दोन्ही करणारं दीड टनाचं मशीन आणलं. भिंतीला भोक पाडायला मदतीला प्रीतम आला. हा त्याचा धंद्यातला भागीदार, चाळिशीचा, तोंडाने फटकळ.

"मालवणात हीटर!" प्रीतम ड्रिल थांबवून म्हणाला. "उद्या तू बांगड्यांका स्वेटर घालतलंस."

"घालीन. तू लोकर घेवन ये."

पलंगावरून बर्नादेतही हसली. तिला उठवून बाहेर नेणं नको म्हणून ती खोलीतच होती. प्रीतम गेल्यावर ह्युबर्टने आपलं खरं काम काढलं. त्याच्या कामात फट सापडत नाही, हे त्याच्याकडून शीतगृहं करून घेणारे देवगडचे आंबेवालेसुद्धा मानतात. कौलांखालच्या प्लायवूडच्या छताचे सांधे, खिडक्यांच्या चौकटी, दारावरचं झरोक्याचं भोक, जिथे जिथे बोटाला वारा लागला तिथे त्याने फोम भरला. दाराच्या खाली रबराची पट्टी ठोकली. संध्याकाळ झाली तेव्हा खोलीत समुद्राचा आवाजसुद्धा येत नव्हता.

शेजारच्या सावित्रीकाकी पेजेचा डबा घेऊन दारात उभ्या होत्या. काकी मूळच्या धामापूरच्या, भातशेतीवाल्या घरातल्या. त्यांनी छताकडे पाहिलं, दाराच्या पट्टीकडे पाहिलं.

"रे ह्युबर्ट, आमच्याकडे कणगी लिंपूच्या आदी भायसून तीन थापे मारतत. आत उंदीर, पाल काय आसा ता भायर येवचा म्हणान. नायतर ता आतच ऱ्हवता आनी मगे भात नासता. तू थापे मारलंस?"

"काकी, ही खोली आसा. कणगी नाय."

"लिंपलंस म्हणजे कणगीच," काकी म्हणाल्या आणि डबा त्याच्या हातात देऊन गेल्या.

२

मशीन झकास चाललं. पहिल्याच आठवड्यात बर्नादेतने वाटीभर पेज संपवली आणि वर लोणचं मागितलं. ह्युबर्ट त्या दिवशी बाजारात ज्याला त्याला धरून सांगत सुटला होता. पंधरा दिवसांनी काटा चाळीसवर गेला. संध्याकाळच्या तेर्सला, जपमाळेच्या प्रार्थनेला, बर्नादेत पलंगावर उशी लावून बसायची आणि तिचा आवाज दोन खोल्यांपलीकडे ऐकू यायचा.

एक गोष्ट तेवढी त्याला खटकली. पण खटकण्यासारखं त्यात काही नव्हतं. पलंग भिंतीला लावलेला होता. तिच्या शेजारी लोळून तिची झोपमोड नको म्हणून तो स्वतः खाली चटईवर झोपायचा. एवढा मोठा पलंग एकटीला, तरी बर्नादेत अगदी कडेला झोपायची. एक हात खाली लोंबायचा. भिंतीकडची अर्धी जागा मोकळी.

"पडशीत गो. भितर सर."

"बरी आसंय मी हय," ती म्हणायची.

फेब्रुवारीच्या अखेरीला उन्हाने एकदम डोकं वर काढलं. ह्युबर्ट मिठबावला एका पर्यटक निवासाच्या चार खोल्यांत एसी बसवून दुपारी दोनला घरी आला. डोक्यावर हेल्मेट, शर्ट पाठीला चिकटलेला. घराच्या मागच्या बाजूला मशीनचा बाहेरचा डबा घुमत होता. आत गरम करताना त्यातून बाहेर पडणाऱ्या गार वाऱ्यासमोर सावित्रीकाकींच्या कोंबड्या पिसं फुगवून बसल्या होत्या.

तो हेल्मेट न काढता तिथेच उभा राहिला.

डबा चालू असायला नको होता. बाहेर पस्तीस डिग्री. अशा हवेत खोलीत गरम वारा सोडत राहिलं, तर ती ऊब जायची कुठे? खोली तापते, गॅसचा दाब चढतो आणि दहा मिनिटांत मशीन स्वतःहून बंद पडतं. पडायलाच हवं. दुपारी हे थांबणार, हे त्याने बर्नादेतला आधीच समजावून ठेवलं होतं. आणि इथे ते थांबायचं नाव घेत नव्हतं.

चपला काढून त्याने खोलीत पाय ठेवला. फरशी गार होती. गार म्हणजे विहिरीच्या काठासारखी. रिमोटवर तीस लावलेलं होतं, वरून गरम वारा भसाभसा येत होता. तोंडावर घेतला तर डोळे चुरचुरले. आणि बर्नादेत दोन गोधड्यांखाली कडेला मुटकुळं करून पडली होती.

त्याच संध्याकाळी त्याने तिला काट्यावर उभं केलं. काटा पुन्हा एकोणचाळीसवर.

३

माणसाने घाबरण्याआधी मोजून बघावं, हे ह्युबर्ट मस्कतला शिकला होता. दुसऱ्या दिवशी त्याने कामाची हत्यारं घरातच उघडली. वायरच्या टोकाला तापमान दाखवणारं यंत्र घेऊन तो हात-हातभर सरकत खोली मोजू लागला. दारापाशी एकतीस. कपाटापाशी बत्तीस. मशीनच्या तोंडाशी सेहेचाळीस, म्हणजे मशीनचा काही दोष नाही. पलंगाच्या पायथ्याशी सव्वीस. बर्नादेतच्या उशीपाशी एकवीस.

मग तिच्यावरून हात लांब करून त्याने वायरचं टोक भिंतीकडच्या मोकळ्या जागेवर ठेवलं. आकडे उतरू लागले. अठरा. सोळा. चौदावर ते थांबले.

मार्च महिना लागत होता. चौदा डिग्री त्याने मालवणात कधी बघितली नव्हती.

भिंतीत ओल असणार, तो मनाशी म्हणाला. त्याने भिंतीला टोक लावलं. भिंत एकतीस! गादी ओली असणार. गादी कोरडी ठणठणीत. गार होती ती फक्त गादीवरची जागा, माणूस आडवा पडला तर जेवढी लागेल तेवढी. गुडघ्यांपाशी थोडी रुंद, पायांकडे निमुळती.

त्याने यंत्राचा सेल बदलला. पुन्हा चौदा.

मग शर्टाच्या बाह्या सारून त्याने बर्नादेतसकट पलंग ओढला आणि समोरच्या भिंतीला लावला. जुन्या जागी यंत्र धरलं तर एकतीस. बरं वाटलं त्याला. इतकं की तो स्वतःशीच हसला. काहीतरी वाऱ्याचा फेर असेल, छताच्या कोपऱ्यात अडकणारा. असतात असे प्रकार. प्रीतमला सांगायला हवं.

चहा ठेवून तो परत आला तेव्हा बर्नादेत पलंगाच्या कडेला सरकलेली होती. या बाजूच्या कडेला. नव्या भिंतीकडे पुन्हा अर्धी जागा सोडून. जाताना त्याने ठेवलेलं यंत्र गादीवरच पडलं होतं आणि त्यावर चौदा होतं.

४

"बर्ना," दुपारी तिचे तळवे चोळताना त्याने विचारलं, "तू अशी कडेक कित्याक निजतंस गो?"

चोरीने खाऊ खाल्लेल्या पोराला शाळेत विचारावं तसा तिचा चेहरा झाला होता. इतक्या वर्षांत तो त्याने पाहिला नव्हता.

"तेका जागा व्हयी मा," ती हळूच म्हणाली.

"कोणाक?"

"तू ओरडशीत."

"नाय ओरडणंय. सांग."

"तेकाय हिव भरला हा, ह्युबर्ट. माझ्यापरास जास्त. दात वाजतत तेचे. तू खोली गरम केलंस त्या दिसाक्‌सून हय आसा. आदी थंय कोपऱ्यात ऱ्हवायचा. मगे पायाकडे येवक लागला. मी म्हटलंय, ये बाबा, पड हय. बिचारा कोण तरी, तेका काय हाकलूचा?"

ह्युबर्टने तिचे पाय गोधडीखाली नीट झाकले आणि मागच्या पडवीत जाऊन मुलीला फोन लावला. फ्लाव्हिया मडगावला नर्स होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं. या औषधांनी माणसाला भास होतात, पपा, अशक्तपणाने जास्तच. तिला उलटसुलट विचारू नकोस, खायला घाल. ती अर्धं कोकणीत, अर्धं इंग्रजीत बोलत होती आणि प्रत्येक शब्द पटण्यासारखा होता. ह्युबर्टला पटलाही. भास बर्नादेतला होत होते. पण यंत्राला कसले भास व्हायचे?

गिऱ्हाइकाकडे गेला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: खोलयेत निजतत कितके? नुसता बसलेला माणूससुद्धा शंभर वॉटच्या बल्बएवढी ऊब टाकतो, त्या हिशेबाने मशीन घ्यावं लागतं. त्या दिवशी त्याने पडवीत बसून पाठकोऱ्या कागदावर उलटा हिशेब मांडला. मशीन इतकी ऊब देतं. उन्हाची इतकी येते. खोलीला लागते ती एवढीशी. उरलेली सगळी रोज त्या चौदा डिग्रीच्या जागेत जात होती आणि जागा काही तापत नव्हती. त्याने कागद दोनदा तपासला. चूक सापडली असती तर त्याने आनंदाने उडी मारली असती.

दुसऱ्या दिवशी प्रीतम गॅसचा दाब मोजायचं गेज घेऊन आला. बाहेरचा डबा तपासला, गॅस बघितला, आत येऊन वाऱ्याला हात लावला.

"मशीन एकदम बेस आसा. तुकाच कायतरी झाला हा."

"पलंगाकडे बघ जरा. भिंतीकडे."

बर्नादेत झोपली होती. प्रीतम वाकला, तिला लागू नये असा हात पुढे नेला आणि चादरीवर टेकवला. टेकवला न टेकवला तोच मागे घेतला. आपल्या हाताकडे त्याने बघितलं, मग चादरीकडे.

"चादर दबलली आसा," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"कोणी पडल्यासारखी दबलली आसा, ह्युबर्ट. आनी तू थंय निजणंस नाय."

चहा ओतलेला होता. तो तसाच टाकून प्रीतम निघाला. पायऱ्या उतरल्यावर त्याने गाडी चालू न करता थोडी ढकलत नेली, जसं आत कोणाची तरी झोप मोडेल.

५

बर्नादेत आता पेज दोन घासांवर सोडत होती. नखं निळसर दिसायला लागली. दवाखान्यात दोन दिवस ठेवून आणली. तिथेही ती खाटेच्या कडेलाच झोपली आणि नर्स म्हणाली, खोलीतला एसी बंद केला तरी इथे गारठा कसा? मधल्या खोलीत बिछाना घालून बघितला. उन्हात खुर्चीवर बसवून बघितली. खुर्चीवर बसतानाही ती एका अंगाला सरकून बसायची.

ईस्टरला अठरा दिवस राहिले. काटा अडतीसवर.

त्या सकाळी ह्युबर्टने सुरी घेतली आणि खोलीतला फोम खरवडून काढायला सुरुवात केली. स्वतःचं काम स्वतःच्या हाताने उकरताना त्याला रडू येत होतं आणि रागही येत होता. कोणावर, ते कळत नव्हतं. चौकटी मोकळ्या केल्या, झरोका फोडला, दाराखालची पट्टी उपटली, खिडक्या सताड उघडल्या. समुद्राचा आवाज आत आला. सुक्या मासळीचा वास आला. गरम, खारट, रोजची हवा खोलीभर भरली.

मग तो बाहेर जाऊन मागच्या भिंतीपाशी उभा राहिला. आजूबाजूला कोणी नाही असं बघून घेतलं. पंचावन्न वर्षांचा माणूस, चर्चच्या समितीवर नाव असलेला. त्याने तळहाताने भिंतीवर थाप मारली. एक. दोन. तिसरी जरा जोरात.

"कोण आसा तर भायर ये," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

कोंबड्या दचकून बाजूला झाल्या. बाकी काही झालं नाही. तो वाट बघत राहिला. मग खिडकीतून आतून बर्नादेतचा आवाज आला. अंगाईच्या वेळचा, फ्लाव्हिया लहान असतानाचा आवाज.

"उगी रव रे, ह्युबर्ट. ठोकू नको. आताच झोप लागली हा तेका."

६

दुपारी बर्नादेतचं थरथरणं थांबलं. ते चांगलं चिन्ह नाही, एवढं त्याला समजत होतं. शरीर कुडकुडायचंही सोडून देतं, ते कधी, हे फ्लाव्हियाने एकदा सांगितलं होतं. तिचे ओठ पांढरे पडले होते. खिडकीबाहेर माडांच्या झावळ्या उन्हात चकाकत होत्या.

तो पलंगाशी बसून विचार करत होता. देवाचा नाही, भुताचाही नाही. त्याच्या डोक्यात आला तो त्याला येत असलेला एकमेव विचार. ऊब गरमाकडून थंडाकडे जाते. तिला अडवता येत नाही. खोली कितीही तापवा, जे जवळ आहे त्याच्यातून ती आधी जाणार. आणि तिच्या सर्वांत जवळ कोण आहे, हे यंत्राने केव्हाच दाखवलं होतं. अशा वेळी काय करतात? मधे काहीतरी घालतात. जाड, ऊब धरणारं. पाइपावर फोमची नळी चढवतात तसं.

त्याच्याकडे तसं एकच होतं.

त्याने शर्ट काढला, क्रॉसची साखळी नीट केली, बर्नादेतवरून अलगद पाय टाकला आणि भिंतीकडे पाठ करून तिच्या आणि भिंतीच्या मधे आडवा झाला.

श्वासच बंद झाला त्याचा. पाठीला टेकलं ते पाण्यासारखं नव्हतं, बर्फासारखं नव्हतं. त्याला आकार होता. खांद्यांपाशी एक, कमरेपाशी एक, गुडघ्यांच्या मागे, त्याच्याच वाकलेल्या पायांत बसेल असं. ते क्षणभर दूर झालं, जसं अनोळखी माणसाला धक्का लागल्यावर कोणी होईल. मग हळूहळू पुन्हा टेकलं.

ह्युबर्टने बर्नादेतला छातीशी घट्ट धरलं. कपाटाच्या आरशात समोरून पलंग दिसत होता. बर्नादेतचे विरळ केस, त्याचा स्वतःचा सावळा दंड. आणि त्या पलीकडे, त्याच्या पाठीमागे, चादर मंद वर जात होती आणि खाली येत होती. ती पूर्ण वर गेली की तिच्याखाली काय दिसेल, ते बघण्याआधी त्याने डोळे मिटले.

किती वेळ गेला कोण जाणे. त्याच्या हनुवटीला बर्नादेतच्या कपाळावरचं ओलसर काहीतरी लागलं. घाम. तिला घाम आला होता!

"ह्युबर्ट," ती पुटपुटली. "गरम जाता रे."

"होय गो?"

"मशीन बंद कर." तिने गोधडी पायाने लोटली. मग जराशाने, लाजल्यासारखी म्हणाली, "भूक लागली हा. पेज आसा?"

चार महिन्यांत तिने स्वतःहून मागितलेलं हे दुसरंच खाणं होतं. पेज चुलीवर कोमट होती, हाताशी वाल होते, तळलेला बांगडा होता. ह्युबर्टचं सगळं अंग उठायला धावलं. पण तो उठला तर मधली जागा मोकळी व्हायची. त्याचे दात एकमेकांवर आपटायला लागले होते. ते तिला ऐकू जाऊ नये म्हणून त्याने जबडा आवळला आणि सावकाश बोलला.

"तू घे गो आज. जमात तुका. माका जरा पडांदे."

"दमलंस?"

"दमलंय."

बर्नादेत उठून बसली. पाय खाली सोडले, भिंतीचा नाही, खुर्चीचा नाही, कसलाच आधार न घेता उभी राहिली. दारापर्यंत गेली. तिथे वळून तिने पलंगाकडे पाहिलं. त्याच्याकडे, मग त्याच्या पाठीमागे. तिचा चेहरा क्षणभर कसनुसा झाला. काही विचारावं की नाही, असा.

"जा," ह्युबर्ट म्हणाला. "पेज थंड जायत."

ती गेली. तिची पावलं ऐकू आली, मग स्वयंपाकघरात झाकणी वाजली, ताटली काढल्याचा आवाज आला. ती स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. ह्युबर्टला इतका आनंद झाला की डोळ्यांतून पाणी आलं. ते गालावरून उशीवर उतरेपर्यंत गार झालं होतं.

बर्नादेतची रिकामी जागा त्याच्यासमोर होती, अजून तिच्या अंगाची ऊब असलेली. पाठीमागून त्याला कोणीतरी हळूच त्या बाजूला सरकवलं, कडेला, आणि आपल्यासाठी थोडी आणखी जागा करून घेतली.